दोन बॅटऱ्यांच्या जागी एक: जुन्या एमजीबीचा प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. वडिलांनी हौसेनं घेतलेली 1965 ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आमच्याकडे आहे, तारांच्या चाकांची, उघड्या टपाची. सीटमागे पत्र्याखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. दर हिवाळ्यात त्यातली एक तरी बसते. नाशकात तशी बॅटरी मिळत नाही, बाहेरून मागवायची तर महिना जातो. एका दुकानदारानं सांगितलं, जुन्या बुलेटच्या दोन बॅटऱ्या जोडा. दुसरा म्हणतो, बारा व्होल्टची एकच टाका आणि लगे हाथ अर्थिंगही निगेटिव्ह करून घ्या, म्हणजे बॉडीला पॉझिटिव्हऐवजी निगेटिव्ह जोडा. वडील म्हणतात, गाडी जशी आली तशीच राहू दे. काय करू?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : बुलेटचा विषय आधी संपवतो. ती बॅटरी सहा व्होल्टचीच, पण जेमतेम बारा-चौदा एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीतला साठा). बुलेट किकवर चालू व्हायची, त्यामुळे बॅटरीवर फक्त दिवा, हॉर्न आणि इग्निशन. तुमचं इंजिन 1798 सीसीचं. त्याचा सेल्फ थंडीत दीडशे-दोनशे अँपिअर सहज ओढतो. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की व्होल्ट वाढतात, एएच वाढत नाहीत. दोन-तीनदा सेल्फ मारला की त्या बॅटऱ्या संपल्या. तुमच्या मूळ बॅटऱ्या प्रत्येकी साधारण 58 एएचच्या होत्या, हे लक्षात घ्या.

बारा व्होल्टची एकच बॅटरी टाका, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. मात्र दुकानात जाण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात अशीच एक एमजीबी माझ्याकडे ढकलत आणली होती. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर आला होता, नाशकातही सकाळी हात गारठायचे. मालकानं दोन वर्षांत दोन वेळा दोन्ही बॅटऱ्या बदलल्या होत्या. मी सीटमागचा गालिचा उचलला, पत्र्याचं झाकण काढलं, दोन्ही बॅटऱ्या तपासल्या. हायड्रोमीटरनं, म्हणजे ॲसिडची घनता मोजायच्या नळीनं, सहाही सेल ठणठणीत. मग माझ्या पोराला सेल्फ मारायला सांगितला आणि दोन बॅटऱ्यांना जोडणारी जी केबल मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टच्या वरून आडवी जाते, तिच्या दोन टोकांवरच्या पोस्टांना, म्हणजे बॅटरीच्या खुंट्यांना, मीटर लावला. मीटरनं 1.6 व्होल्ट दाखवले! तिथं पाव व्होल्टही दिसायला नको होता. पोस्टाला केबल पकडणाऱ्या एका क्लॅम्पवर कुणीतरी काळी टेप गुंडाळली होती. टेप सोडवली तर आत हिरवट-पांढरी भुकटी, आणि केबलच्या तीस-चाळीस तारांमधल्या जेमतेम आठ-दहा शाबूत. नुसता पाच सेकंद सेल्फ मारला तरी तो क्लॅम्प बोटाला चटका देत होता. नवी केबल केली, टोकांना दोन लग (जोडणीच्या कड्या) नीट दाबून बसवले, गाडी पहिल्या झटक्यात चालू. चार चांगल्या बॅटऱ्या त्या माणसानं भंगारात घातल्या होत्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तुम्हीही आधी हे करा. इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि त्या वेळी चार ठिकाणी व्होल्ट बघा: आडव्या केबलवर, बॅटरीच्या पोस्टपासून बॉडीपर्यंत, इंजिनपासून बॉडीपर्यंत, आणि बॅटरीच्या पोस्टपासून बॉनेटखालच्या सोलेनॉइडपर्यंत (सेल्फला करंट सोडणारा स्विच). कुठंही पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आजार तिथं आहे. इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थची पट्टी बघायला लोक हमखास विसरतात. इंजिन रबरावर बसलेलं असतं, ती पट्टी तुटली तर सेल्फचा करंट जाणार कुठून?

या तपासणीत केबल खराब निघाली तरी एका बॅटरीवर जाण्याचं कारण उरतंच. सहाची बॅटरी मिळत नाही हे एक. दुसरं, दोन बॅटऱ्या, चार पोस्ट, चार क्लॅम्प आणि एक जादा केबल, म्हणजे गंजायला तेवढ्या जास्त जागा. या सगळ्या जागा रस्त्याच्या चिखलपाण्याच्या अगदी वर. मुळात दोन बॅटऱ्या दिल्या त्या जागेमुळे. सीटमागे मधून शाफ्ट जातो, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक लहान खोका बसतो. आधीच्या एमजीएमध्येही हीच मांडणी होती. वडिलांना हेही सांगा की 1974 साली काळे रबरी बंपर आले तेव्हा कंपनीनंच एमजीबीला बारा व्होल्टची एक बॅटरी दिली, त्याच सीटमागे. म्हणजे हा बदल गाडीच्या घराण्याबाहेरचा नाही. त्यांचा आग्रह मला मात्र मनापासून पटतो, म्हणून काम असं करा की काहीही कापावं लागणार नाही. आडवी केबल, जुने क्लॅम्प, दुसऱ्या बॅटरीची पकड, सगळं पिशवीत घालून चिठ्ठी बांधून ठेवा. उद्या कुणाला पुन्हा दोन बॅटऱ्या बसवायच्या झाल्या तर अर्ध्या तासात बसल्या पाहिजेत.

आता माप. इथं लोक फसतात, कारण लांबी-रुंदी बघतात आणि उंची विसरतात. आपल्याकडच्या लहान गाड्यांत चालणारी 38बी20 सारखी जपानी मापाची बॅटरी अरुंद असते, पण पोस्ट धरून सव्वादोनशे मिलिमीटरच्या आसपास उंच. वर पत्र्याचं झाकण आहे आणि पोस्ट झाकणाला टेकला की थेट शॉर्ट. तुम्हाला बसकी बॅटरी हवी. डीआयएन (जर्मन मापाच्या) 44 प्रकारातली बघा: 207 मिलिमीटर लांब, 175 रुंद, उंची 175 ते 190. पैसे देण्याआधी या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करा. आपल्या नाशकात द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा घरोघरी सापडतो, तो जाड असतो, छान ताठ राहतो. खोका आत सोडा, झाकण लावा, वर किती फट राहते ते बघा. बोटभर तरी राहिली पाहिजे. पोस्ट कुठल्या बाजूला येतात तेही पुठ्ठ्यावर पेननं काढा, कारण डावी-उजवी पोस्टची बॅटरी वेगळी मिळते आणि चुकीची आणली तर केबल अपुरी पडते. झाकणाच्या आतून रबरी शीट चिकटवा.

44 एएच म्हणजे जुन्यापेक्षा साठा कमी, हे खरं. पण आजची बॅटरी तेवढ्या आकारात झटका जास्त देते, सेल्फला काही कमी पडत नाही. साठा कमी वाटेल तो रात्री, दिवे लावून रहदारीत उभं राहिल्यावर. बॅटरी चार्ज करायला तुमच्या गाडीला आजच्यासारखा अल्टरनेटर नाही, लुकास कंपनीचा जुन्या पद्धतीचा सी40 डायनामो आहे. तो जास्तीत जास्त 22 अँपिअर देतो आणि तेही इंजिन फिरतं असताना. मुंबई नाक्याच्या सिग्नलला आयडलवर तो जवळजवळ काहीच देत नाही, चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो तो त्यामुळे. तिथं उभं असताना हेडलाइट बंद करून फक्त पार्किंग लाइट ठेवा.

नवी बॅटरी सीटमागच्या दोनपैकी कुठल्या खोक्यात ठेवायची? सोलेनॉइडकडे जाणारी लांब केबल ज्या बाजूच्या बॅटरीवरून निघते, त्याच बाजूला. मग फक्त एक आखूड अर्थची केबल नवी करावी लागते, 35 स्क्वेअर एमएमची घ्या. जिथं बोल्ट बसणार तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, स्टार वॉशर घाला, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. आवळायच्या आधी व्हॅसलीन फासून ठेवू नका. खोक्याचा तळ तपासायला हीच वेळ. पन्नास-साठ वर्षांचं ॲसिड तिथं सांडलेलं असतं. खाण्याच्या सोड्याचं पाणी ओता, फेस यायचा थांबेपर्यंत धुवा, वाळवा, गंज घासा, रंग द्या. तळाची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. उजवीकडे हात घालताना जपून, एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप त्याच भागात आहे. चावी फिरवल्यावर मागून टक-टक येतं ते त्याचंच.

आणि बॅटरी पकडीत पक्की आवळा. ती तुमच्या पाठीमागे, बसायच्याच जागेत आहे. चार्ज होताना निघणारा गॅस नळीनं गाडीबाहेर सोडता येईल अशी बॅटरी मिळाली तर तीच घ्या.

अर्थिंगबद्दल दुसऱ्या दुकानदाराचं आत्ता ऐकू नका. 1967 पर्यंतच्या एमजीबीला पॉझिटिव्ह बॉडीला असतो. नवी बॅटरीही तशीच जोडायची: पॉझिटिव्ह बॉडीला, निगेटिव्ह सेल्फच्या केबलला. पॉझिटिव्हचा पोस्ट जरा जाड असतो, म्हणून क्लॅम्पही आपापल्या जागीच बसतात. उलटं करायचं तर डायनामोचं पोलॅरिटी बदलावं लागतं, कॉइलच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात आणि तुमच्या सालच्या गाडीतला इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) उघडून आतून बदलावा लागतो, नाहीतर तो जातो. हे सगळं करता येतं, पण एकाच दिवशी दोन्ही केलं आणि काही बिघडलं तर कशामुळे ते कळणार नाही. आधी बॅटरी. सहा महिने चालवा. बॅटरीवर आणि झाकणावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा: ‘पॉझिटिव्ह अर्थ’. रस्त्यात जंप लावायला धावून येणारा माणूस चांगल्या मनानं उलटी जोडतो, हे मी पाहिलंय.

काढताना आधी बॉडीची केबल काढायची, लावताना ती शेवटी लावायची. तुमच्या गाडीत ती पॉझिटिव्ह आहे एवढाच फरक. रिकाम्या खोक्यात तारांची चाकं काढायचा तांब्याचा हातोडा छान राहतो, कापडात गुंडाळून.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांची एमजीए आहे. आम्हाला मात्र दोनच बॅटऱ्या ठेवायच्या आहेत. बारा व्होल्टच्या चार्जरवर दोन्ही एकत्र लावतो तर एक नेहमी उकळते, दुसरी भरत नाही. असं का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : ताई, तुमच्या दोन बॅटऱ्यांचं वय सारखं नाही, असा माझा अंदाज आहे. सिरीजमध्ये दोघींतून करंट तेवढाच जातो. जी लवकर भरते ती मग नुसती पाणी उकळत बसते, चार्जर मात्र दोघींचे मिळून बारा व्होल्ट बघतो. सहा व्होल्टवर चालणारा चार्जर घ्या आणि मधली केबल काढून एकेक वेगळी भरा. भरल्यावर प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, हायड्रोमीटरनं बघा. 1.260 च्या वर हवी. तीन सेलमधला एखादा 50 पॉइंटनं, म्हणजे 0.050 नं, मागे असेल तर ती बॅटरी गेली. बदलताना दोन्ही बदला, एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात बनलेल्या. दुसरी अजून चांगली असेल तर ती घरच्या कामाला वापरा, नवीच्या जोडीला लावू नका. आणि चार्जिंग चालू असताना झाकण उघडं ठेवा, टप खाली असू द्या, गाडी गॅरेजच्या दाराशी घ्या.