विधेयक मागून वाच

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

दिल्लीत खासदारांच्या कार्यालयात तुला काम मिळालं, फार बरं वाटलं. तू विचारलंस, सभागृहात नुसता गोंधळ दिसतो, मग कायदा होतो तरी कुठे? मी तिथे अनेक वर्षं एका खासदारांचा स्वीय सहायक होतो. जे पाहिलं ते सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची आणि पदरात सुकडी बांधून आणायची. पुढे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी लावून धरलेली रोजगार हमी १९७७ मध्ये आपल्या राज्यात कायदा झाली. मागेल त्याला काम. गरीब असल्याचा दाखला कुणी मागत नव्हतं. उन्हात दगड फोडायला तयार झालेल्या बाईकडून आणखी कसला पुरावा हवा होता?

डिसेंबर २००४ मध्ये साऱ्या देशासाठी रोजगार हमीचं विधेयक लोकसभेत आलं, तेव्हा हमी फक्त 'गरीब' कुटुंबांना होती. एकच शब्द. पण तो राहिला असता तर दारिद्र्यरेषेची यादी करणाऱ्याच्या हातात सगळं गेलं असतं, आणि त्या यादीतून कोण गळतं हे तू तुझ्याच गावात पाहिलं आहेस. विधेयक ग्रामविकासाच्या स्थायी समितीकडे, म्हणजे सगळ्या पक्षांच्या खासदारांच्या समितीकडे गेलं. अध्यक्ष होते विरोधी पक्षाचे कल्याण सिंह. समितीने ही अट काढायला सांगितलं, बाहेर संघटनांनीही तोच आग्रह धरला. ऑगस्ट २००५ मध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा तो शब्द त्यात नव्हता. अंगमेहनतीचं काम करायला तयार असलेल्या ग्रामीण भागातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी मिळाली. मी त्या दिवशी कार्यालयात बसून ते कलम पुन्हा पुन्हा वाचलं.

म्हणून सांगतो, समितीचे अहवाल वाच. विधेयक मांडलं जातं, चर्चा होते, एकेक कलम मताला टाकलं जातं, मग दुसरं सभागृह आणि राष्ट्रपतींची संमती, हे तुला पाठ आहे. पण मतदानाच्या वेळी खासदाराचे हात बांधलेले असतात. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं हा पक्षाचा आदेश, मोडला तर खासदारकीच जाऊ शकते. समितीत व्हीप नसतो आणि कॅमेराही नसतो. तिथे सत्तेतला माणूस विरोधकाचं म्हणणं मान्य करताना मी पाहिला आहे. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७० टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत जेमतेम १६ टक्के. हा आकडा मला आजही अस्वस्थ करतो. एखादा 'गरीब'सारखा शब्द नजरेतून निसटून कायद्यात बसला, तर मग तो काढायला किती वर्षं जातील?

आता खासदार सभागृहात मंत्र्यांना विचारतात त्या प्रश्नांचं. तुझ्याकडे हे काम येईलच. आपल्या राज्यातून लोकसभेत ४८ जण जातात, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे एकेका खासदारामागे सरासरी २३ लाख माणसं. त्यांच्या चिठ्ठ्या, अर्ज, फोन यांतूनच चांगला प्रश्न तयार होतो. 'सरकारला याची कल्पना आहे काय' असं विचारून थांबू नकोस, उत्तर 'होय' एवढंच येतं. जिल्हानिहाय विचार, कोणत्या तारखेपर्यंत ते विचार, मंजूर किती, खर्च किती, शिल्लक का, ते विचार. तारांकित प्रश्न यादीत वर लागला तर मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो, त्यामुळे पूरक प्रश्न आधीच लिहून दे. 'माहिती गोळा केली जात आहे' असं उत्तर आलं तर हिरमुसू नकोस. ते सरकारचं आश्वासन धरलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि नाही केलं तर विचारायला आश्वासन समिती आहे. तारीख वहीत लिहून ठेव. खासदार विसरतात, मंत्रालय तर विसरायलाच बसलेलं असतं, तू विसरू नकोस.

आणि विधेयक हातात आलं की मागून वाच. शेवटी उद्दिष्टं आणि कारणं दिलेली असतात, पैशांची टिपणी असते, आणि सरकार कोणते नियम स्वतः करणार आहे याचीही टिपणी असते. ही शेवटची फार कमी जण उघडतात. 'विहित केल्याप्रमाणे' असं जिथे जिथे येईल, तिथे संसदेने निर्णय मंत्रालयावर सोडला आहे असं समज. मग पहिल्या कलमावर ये. कायदा कधी लागू होणार? 'केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिवशी' असं असेल तर पेन्सिलीने खूण कर. १९९५ चा दिल्लीचा भाडे कायदा दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण लागू होण्याचा दिवस कधी उजाडलाच नाही.

पुढच्या अधिवेशनात जे पहिलं विधेयक तुझ्या टेबलावर येईल, त्यात 'विहित' हा शब्द किती वेळा आला ते मोजून मला कळव. मी इथे माझी प्रत काढून ठेवतो, दोघांचे आकडे ताडून पाहू.

तुझा,
काका