ऑइल इंजेक्शन बंद करायचे तर करा, पण बझरच्या वायरला हात लावू देऊ नका

आपल्या जुन्या, तीन सिलिंडरच्या ९० अश्वशक्तीच्या यामाहा टू-स्ट्रोक नौका-इंजिनाची तेलाची टाकी भरलेली असूनही बझर वाजतो, म्हणून मेकॅनिकने तेलाचा पंप (ऑइल इंजेक्शन, म्हणजे टाकीतील तेल आपोआप इंजिनात सोडणारी व्यवस्था) काढून पेट्रोलमध्येच तेल मिसळण्याचा सल्ला दिला आहे आणि त्याच कामात बझरही कायमचा बंद करून देतो असे सांगितले आहे, हे आपल्या प्रश्नात वाचले. मालवणला माझ्या नौकेवर याच प्रकारचे इंजिन होते आणि तेथेही नेमके हेच वाक्य उच्चारले गेले होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही. इंजिनाच्या वर्षानुसार तपशील बदलतात, त्यामुळे प्रत्यक्ष काम आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवूनच करावे.

सर्वांत आधी बझरविषयी, कारण माझे सर्वाधिक नुकसान तेथेच झाले. या इंजिनात तेल कमी झाल्याची आणि इंजिन तापल्याची, अशा दोन्ही सूचना एकाच बझरमधून मिळतात आणि दोन्ही वेळी इंजिनाची गती आपोआप मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर आणली जाते. मी ज्या कार्यशाळेत काम दिले, तेथे तेलाच्या सेन्सरचा प्लग वेगळा करण्याऐवजी बझरकडे जाणारी सामाईक वायरच कापली गेली. बिलावर मात्र 'ऑइल पंप बंद केला' एवढेच लिहिले होते. पुढे एका फेरीत प्लास्टिकची पिशवी पाणी ओढण्याच्या जाळीवर चिकटली, थंड करणारे पाणी थांबले, इंजिन तापत गेले आणि बझर वाजलाच नाही. मधल्या सिलिंडरचा पिस्टन जाम झाला. त्यानंतर त्याच कार्यशाळेने तेल कमी मिसळल्याचा ठपका माझ्यावर ठेवला आणि कापलेली वायर दाखवल्यावरही, ग्राहकाच्याच सांगण्यावरून आवाज बंद केला होता, असे उत्तर दिले. दुरुस्तीचा खर्च, बुडालेला हंगाम आणि त्याहूनही प्रवासी नौकेत असताना हे घडले याचा संताप आजही कमी झालेला नाही. ज्या माणसाला ती वायर कशासाठी आहे हे ठाऊक नाही, त्याने समुद्रात जाणाऱ्या इंजिनाचे झाकण उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून काम झाल्यावर, पैसे देण्यापूर्वी, सिलिंडर हेडवरील तापमानाच्या स्विचची वायर काढून ती किल्ली चालू असताना इंजिनाच्या धातूला टेकवायला सांगावी. बझर वाजला पाहिजे. वाजला नाही तर नौका ताब्यात घेऊ नये. कोणती नळी बंद केली, कोणता प्लग काढला, हे बिलावर एकेक करून लिहून घ्यावे.

आता मूळ प्रश्न. टाकी भरलेली असताना बझर वाजत असेल, तर दोष पंपात असण्यापेक्षा टाकीतील तरंगत्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या गंजलेल्या जोडणीत असण्याचा संभव अधिक आहे. हा सेन्सर टाकीतील पातळी पाहतो. तेल सिलिंडरपर्यंत पोहोचते की नाही, हे तो पाहत नाही. पंप तपासायचा असेल तर पेट्रोलमध्ये ५० ला १ या प्रमाणात तेल मिसळून, इंजेक्शनही चालू ठेवून, नौका चालवावी आणि तेलाच्या टाकीवर खूण करून पातळी उतरते का ते पाहावे. धूर वाढेल, पण इंजिनाला धोका नाही. पातळी व्यवस्थित उतरत असेल, तर नळ्या व क्लॅम्प बदलून आणि सेन्सर दुरुस्त करून मूळ व्यवस्था ठेवावी, असे मी म्हणेन. मात्र सिलिंडरकडे तेल नेणाऱ्या तीन नळ्यांपैकी एकच तुंबली असेल तर ते या परीक्षेत कळत नाही, हे लक्षात ठेवावे. सुटे भाग मिळत नसतील किंवा पंपावरचा विश्वासच उडाला असेल, तर मिश्रणाचा मार्ग योग्य आहे.

तो मार्ग धरल्यास क्रम महत्त्वाचा आहे. आधी मिश्रित पेट्रोल भरून इंजिन इतका वेळ चालवावे की फिल्टर, नळ्या आणि कार्ब्युरेटर यांतले साधे पेट्रोल संपेल, आणि मगच पंप काढावा. पंप जागेवर कोरडा फिरत ठेवू नये. तो आणि त्याला फिरवणारे गिअर दोन्ही काढून त्या जागी ओ-रिंगसह झाकणपट्टी बसवावी. तेल येणारे तिन्ही निपल (नळ्या जोडण्याची टोके) घट्ट बंद करावेत, कारण तेथून हवा शिरली की त्या सिलिंडरला पेट्रोल आणि तेल दोन्ही कमी पडतात. तेलाची टाकी मात्र भरलेली ठेवून फक्त तिची खाली जाणारी नळी बंद करावी. सेन्सर दुरुस्त असेल तर त्याला टाकी भरलेली दिसते आणि वायरिंगला हातही लावावा लागत नाही.

हे यामाहाविषयी झाले. जॉन्सन किंवा एव्हिनरूड या कंपन्यांच्या जुन्या इंजिनांवर १९८४ पासून आलेल्या व्हीआरओ नावाच्या ऑइल इंजेक्शन पद्धतीत तेल आणि पेट्रोल एकाच पंपातून जाते, त्यामुळे तेथे तेलाची वाट बंद करून तोच पंप पेट्रोलसाठी ठेवता येतो. दोन्ही पद्धतींची गल्लत करू नये.

५० ला १ म्हणजे दर लिटरला २० मिली, २५ लिटरच्या टाकीला ५०० मिली. तेल टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक नौका-इंजिनांसाठीच्या) दर्जाचेच हवे. दुचाकीसाठी मिळणारे टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असते आणि त्यातील राख पिस्टनवर साचते. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यात पाणी मिसळले की इथेनॉल आणि पाणी तळाशी बसतात, तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, आणि इंजिन तळाचेच ओढते. त्यामुळे मिश्रण गरजेपुरतेच करावे, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा, आणि पावसाळ्यात नौका वर काढण्यापूर्वी टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत. मिश्रित आणि साध्या पेट्रोलचे कॅन वेगळ्या रंगाचे ठेवावेत, आणि कॅन भरण्याचे काम खलाशांपैकी एकाकडेच सोपवावे.