थीम पार्कचं मुख्य आकर्षणच बंद, आणि कंपनी म्हणते ‘पैसे परत मिळणार नाहीत’

प्रश्न : मुलांच्या सुट्टीत आजी-आजोबांसह आम्ही सात जणांनी एका मोठ्या थीम पार्क रिसॉर्टला जायचं ठरवलं. एका ट्रॅव्हल वेबसाइटवरून तीन रात्रींचं पॅकेज घेतलं. त्यात खोल्या आणि पार्कची तिकिटं दोन्ही होती. सगळी रक्कम क्रेडिट कार्डाने भरली. पॅकेजच्या पानावर वॉटर पार्क आणि मोठा रोलर कोस्टर ठळकपणे दाखवले होते, आणि मुलांचा हट्ट त्यासाठीच होता. आता कळतंय की आमच्या तारखांना दोन्ही देखभालीसाठी बंद आहेत. रिसॉर्टने तशी सूचना आमच्या बुकिंगच्या आधीच जाहीर केली होती. कंपनीचं म्हणणं असं की पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे, ‘आकर्षणे पूर्वसूचनेशिवाय बंद राहू शकतात’ ही अट तुम्ही मान्य केली आहे, हवं तर पैशांऐवजी वर्षभरात पुढच्या बुकिंगला वापरता येईल अशी क्रेडिट नोट घ्या. निघायला पाच आठवडे आहेत. पैसे गेलेच का? की आता जाऊन यावं आणि मग तक्रार करावी?

उत्तर : पैसे गेलेले नाहीत. मात्र ते परत मिळण्याची शक्यता तुम्ही येत्या काही दिवसांत काय करता यावर बरीच अवलंबून आहे. म्हणून काय करू नये ते आधी सांगतो.

वेबसाइटवरचं ‘बुकिंग रद्द करा’ हे बटण दाबू नका. ते दाबलं की कंपनीच्या नोंदीत ‘ग्राहकाने स्वतःहून रद्द केले’ एवढंच उरतं आणि रद्दीकरणाचे नियम आपोआप लागू होतात. पुढे ग्राहक आयोगात कंपनी तोच कागद पहिल्यांदा पुढे करते. तुमची बाजू मुळात वेगळी आहे. तुमचा बेत बदललेला नाही. जे दाखवून पैसे घेतले ते कंपनी देऊ शकत नाही, अशी तुमची तक्रार आहे.

क्रेडिट नोटही घाईने स्वीकारू नका. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 62 आणि 63 नुसार जुन्या कराराच्या जागी नवा करार मान्य केला, किंवा ठरल्याऐवजी दुसरं काही घेऊन समाधान मानलं, तर मूळ मागणी संपू शकते. ‘ठीक आहे, क्रेडिट नोट पाठवा’ असं फोनवर किंवा चॅटवर लिहिणं पुरेसं घातक आहे. कंपनीने न विचारता ती खात्यात जमा केली असेल, तर ‘ही आम्हाला मान्य नाही, वापरणार नाही’ असं लगेच लेखी कळवा.

आता मूळ मुद्दा. ‘आकर्षणे पूर्वसूचनेशिवाय बंद राहू शकतात’ ही अट अगदी निरर्थक नाही. यांत्रिक बिघाड झाला, वादळ आलं, सुरक्षा तपासणीत काही सापडलं आणि राइड त्या दिवशी थांबवली, तर पार्कने ती थांबवलीच पाहिजे, आणि त्यासाठी पूर्ण रक्कम मागणारी तक्रार बहुधा टिकणार नाही. पण ही अट पुढे काय घडेल ते माहीत नसतानाच्या अनिश्चिततेसाठी आहे. बुकिंगच्या दिवशी जी गोष्ट ठरलेली होती, जाहीरही झाली होती, तिच्यावर या अटीचं पांघरूण घालता येत नाही. त्यामुळे तुमचं सगळं प्रकरण दोन तारखांवर उभं आहे : रिसॉर्टने बंदची सूचना कधी प्रसिद्ध केली, आणि तुमचे पैसे कधी घेतले गेले.

या दोन तारखांचा पुरावा आजच गोळा करा, कारण वेबसाइटवरची पानं गुपचूप बदलतात. रिसॉर्टच्या सूचनेचा पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात वेब-पत्ता आणि सूचनेची तारीख दिसली पाहिजे. पॅकेजच्या पानाचाही तसाच घ्या. ते पान आता बदललेलं असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुनी प्रत मिळते का ते पाहा. तिथे आज दिसणारं पानही जतन करून ठेवता येतं. बुकिंगची ईमेल, पैसे भरल्याची पावती, कार्डाचं विवरण, कंपनीशी झालेलं चॅट हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि मूळ ईमेल डिलीट करू नका. कंपनीशी फोनवर बोलणं झालं असेल तर त्याच दिवशी ‘आज आपल्या प्रतिनिधीने असे सांगितले’ अशी ईमेल टाका.

बिल हातात घेऊन एक गोष्ट तपासा : ते कोणाच्या नावाने आहे, त्यावर कोणाचा जीएसटी क्रमांक आहे? पॅकेजच्या पूर्ण रकमेचं बिल ट्रॅव्हल कंपनीच्या नावाने असेल, तर ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ हा तिचा बचाव फार लंगडा पडतो. बिल रिसॉर्टचं आणि कंपनीचं फक्त सेवाशुल्क असेल, तर मुख्य जबाबदारी रिसॉर्टकडे झुकते. काहीही असलं तरी तक्रारीत दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. नाहीतर कंपनी म्हणते रिसॉर्टने कळवलं नाही, रिसॉर्ट म्हणतं आमचा तुमच्याशी करारच नाही, आणि या दोघांच्या मध्ये ग्राहक अडकतो. बुकिंग एकाच्या नावाने असलं तरी ज्यांच्यासाठी सेवा घेतली ते बाकीचे सहाही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या व्याख्येत ग्राहकच आहेत.

या कायद्याच्या कलम 2(11) मध्ये ‘सेवेतील त्रुटी’ची व्याख्या आहे आणि ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं तिच्यात स्पष्टपणे येतं. हाच तुमचा सर्वांत भक्कम आधार. जाहिरातीत महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर लपवली तर ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरते, आणि सेवेबद्दल खोटं चित्र उभं करणं ही कलम 2(47) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन बाजारपेठेवरून सेवा विकणाऱ्याला, सेवा जाहिरातीतल्या वर्णनाशी जुळत नसेल तर पैसे परत करायला नकार देता येत नाही.

कंपनीचा वकील एक मुद्दा नक्की काढेल : सूचना रिसॉर्टच्या साइटवर होती, तुम्ही का नाही पाहिली? करार कायद्याच्या कलम 19 मध्ये अशा युक्तिवादाला खरोखर जागा आहे. साधी काळजी घेतली असती तर सत्य कळलं असतं, अशा स्थितीत चुकीच्या माहितीच्या आधारे करार रद्द करता येत नाही, असं तिथे म्हटलं आहे. म्हणूनच दिवाणी दाव्यापेक्षा ग्राहक आयोगाचा मार्ग मला तुमच्यासाठी योग्य वाटतो. ग्राहक कायदा माहिती देण्याचं ओझं विकणाऱ्यावर टाकतो. सुट्टीचं पॅकेज घेणाऱ्या आईवडिलांनी दहा ठिकाणच्या सूचना धुंडाळत बसावं अशी अपेक्षा त्यात नाही, आणि नसावीच.

‘नॉन-रिफंडेबल’ या शब्दाबद्दल. तो छापला म्हणून पवित्र होत नाही. तुम्ही स्वतःच्या कारणाने जाणं रद्द केलं असतं, तरीही करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे कंपनीला वाजवी भरपाईच ठेवून घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाश नाथ असोसिएट्सच्या निकालात सांगितलं की नुकसानच झालेलं नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही. पाच आठवडे आधी मोकळ्या झालेल्या खोल्या सुट्टीच्या हंगामात पुन्हा विकल्या जाऊ शकतात. हा तुमचा दुसरा, राखीव मुद्दा. पहिला मुद्दा माहिती दडवल्याचाच ठेवा.

अशी एकतर्फी अट ‘अनुचित करार’ म्हणून रद्दच करून मागावी असं अनेकांना वाटतं. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(46) मध्ये त्याची सोय आहे, पण तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही. अनुचित कराराची तक्रार राज्य आयोगापासून पुढे चालते. जिल्हा आयोगात तक्रार टाकून तिच्या प्रार्थनेत, म्हणजे शेवटच्या मागण्यांत, ‘अट क्रमांक अमुक रद्दबातल घोषित करावी’ असं लिहिलं की समोरचा पक्ष अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेतो आणि त्यातच महिने जातात. तुम्हाला पैसे हवे आहेत. त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढ्यावरच उभे राहा.

आता पत्र. ते कंपनीला, तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला (त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे) आणि रिसॉर्टला एकाच वेळी ईमेलने पाठवा. छापील प्रत स्पीड पोस्टने पाठवून पोच ठेवा. मजकूर साधारण असा :

‘दि. … रोजी बुकिंग क्र. … अन्वये आम्ही आपल्याकडून पॅकेज घेतले. पॅकेजच्या पानावर वॉटर पार्क व रोलर कोस्टर समाविष्ट असल्याचे दाखवले होते. आमच्या प्रवासाच्या तारखांना हे दोन्ही बंद राहणार असल्याची सूचना रिसॉर्टने दि. … रोजी, म्हणजे आमच्या बुकिंगपूर्वीच, प्रसिद्ध केली होती. ही माहिती आम्हाला दिली गेली नाही. दिली असती तर आम्ही या तारखांचे पॅकेज घेतले नसते. जाहीर केलेली सेवा आपण देऊ शकत नसल्याने हे पॅकेज आम्हाला मान्य नाही. भरलेली पूर्ण रक्कम 15 दिवसांत परत करावी. हे पत्र म्हणजे ग्राहकाने स्वतःहून केलेले रद्दीकरण नव्हे. क्रेडिट नोट आम्हाला मान्य नाही.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. पत्रात राग, धमकी, ‘सोशल मीडियावर टाकू’ असलं काही नको. हे पत्र उद्या आयोगाचे सदस्य वाचणार आहेत, त्यांच्यासाठी लिहा.

ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण कंपनीकडे पाठपुरावा करते. माझ्या पाहण्यात बरेच परतावे याच टप्प्यावर मिळतात. क्रेडिट कार्डाने पैसे भरले आहेत, तर बँकेकडे ‘सेवा वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाने चार्जबॅकची, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत मिळवून देण्याची, मागणीही करता येईल. त्याला मुदत असते, म्हणून थांबू नका. मात्र फॉर्मवर ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ या रकान्यात खूण करू नका. काही जण लवकर काम होईल म्हणून ती करतात. ते खोटं विधान आहे आणि तुमची खरी बाजू त्याने बुडते.

तरीही पैसे आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. रिसॉर्ट दुसरीकडे असल्याने तिकडे खेटे घालायची गरज नाही, आणि ‘वाद फक्त अमुक शहरात’ या छापील ओळीला घाबरू नका. करारात लवादाचं कलम (वाद न्यायालयाऐवजी खासगी मध्यस्थाकडे सोडवण्याची अट) असलं तरी ग्राहक तक्रारीला ते आडवं येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एम्मार एमजीएफ प्रकरणात मान्य केलं आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत कोर्ट फी शून्य. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते, वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवतो, पण प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो हे गृहीत धरूनच चला.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न : जाऊन यावं का? पूर्ण परतावा हवा असेल तर जाऊ नका. तीन रात्री राहून, पार्क फिरून आल्यावर पूर्ण रक्कम मागितली तर आयोग साहजिकच विचारेल की बाकीची सेवा तर वापरलीत. तेव्हा फार तर रकमेत काही कपात आणि त्रासाची भरपाई मिळेल. पण आजी-आजोबांच्या सोयीने महिनो न् महिने जुळवलेल्या तारखा पुन्हा मिळणं सोपं नसतं, हे मला समजतं. कुटुंबाचा कल जाण्याकडेच असेल तर निघण्याआधी लेखी कळवा की तुम्ही ‘हरकत नोंदवून आणि हक्क राखून’ जात आहात. तिथे बंद राइडसमोरच्या फलकाचा तारखेसह फोटो घ्या, पार्कच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि तिच्या प्रतीवर शिक्का मागा. शिक्का देत नसतील तर तिथूनच ईमेल करा.

प्रवेशद्वारावर ‘दुर्घटनेस व्यवस्थापन जबाबदार नाही’ अशा कागदावर सही घेतली जाण्याची शक्यता आहे. मुलांना बसवायचं असेल तर सही करावीच लागेल. त्या सहीने पार्कच्या स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी पुसली जात नाही. ग्राहकाला इजा करणारा निष्काळजीपणा कायद्याच्या भाषेत त्रुटीच आहे. उलट, राइडवरच्या उंचीच्या मर्यादेने मुलाला नाकारलं तर त्यावर वाद घालू नका. ती मुलाच्या जिवासाठी आहे, आणि त्या कारणाने परतावा मागणारं प्रकरण मी स्वतः घेणार नाही.

पत्र आज-उद्याच पाठवा. 15 दिवसांची मुदत संपली तरी तुमच्या हातात जवळपास तीन आठवडे उरतील, आणि तोपर्यंत कंपनीचं उत्तर बघून जायचं की नाही हे घरात बसून ठरवता येईल. उत्तर आलं की बिलाच्या प्रतीसह मला कळवा. बिल कोणाच्या नावाने आहे त्यावरून तक्रारीत विरुद्ध पक्ष क्रमांक एक कोण ते सांगेन.