एकाच कोपऱ्यातून दोनदा तडा

प्रश्न : वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी आम्ही अजून चालवतो. पुढची मूळ काच खडा लागून गेली. गॅरेजमध्ये नवी लॅमिनेटेड (दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली) काच बसवून घेतली, तर आठवड्याभरात डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून तडा गेला. दुसरी बसवली, तीही तिथूनच गेली. हल्ली काचच हलकी मिळते का? तिसरी आणून ठेवली आहे. ती मी आणि धाकटा भाऊ घरीच बसवू शकू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : काच दोन वेगळ्या आणि तडा एकाच जागेवरून, म्हणजे दोष काचेत नाही, चौकटीत आहे. या गाड्यांत पावसाचं पाणी रबराखालून शिरतं आणि खालच्या दोन कोपऱ्यांत साचून राहतं. तिथला पत्रा गंजून फुगतो. वर कुणी लांबी (पुट्टी) भरून रंग मारला असेल तर उंचवटा दिसतही नाही, पण काचेला तो टोचत राहतो. मग एखाद्या खड्ड्यात गाडी आपटली की तडा.

म्हणून आधी चौकट बघा. जुनं रबर पुन्हा वापरायचं नाहीच, तेव्हा त्याची बाहेरची कड ब्लेडने कापा आणि काच अलगद बाहेर घ्या. आतून लाथ मारून काच काढणारे मी पाहिलेत, तसं करू नका. कडेचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत काढा, मग रेड ऑक्साइड आणि रंग. पत्रा खाल्ला गेला असेल तर ते काम डेंटरचं. रंग पक्का वाळला की कडेवर रबराचे सारख्या जाडीचे चार तुकडे ठेवून नवी काच दोघांनी धरून नुसती टेकवा. एक पाय आखूड असलेल्या टेबलासारखी डुगडुगली, तर चौकट अजून सरळ नाही, बसवायची घाई करू नका. मला वाटतं, तुमच्याकडे ती डुगडुगणारच.

चौकट सरळ असेल तर घरी जरूर बसवा, मात्र सावलीत. काच जमिनीवर आडवी टाकू नका. गोणपाटावर लांब कडेने उभी ठेवा, कोपऱ्यावर कधीच नको. रबर कोमट पाण्यात मऊ करून काचेवर चढवा. त्याची जी खाच पत्र्यावर बसते, तिच्यात ४-५ मिलिमीटरची गुळगुळीत नायलॉनची दोरी फिरवा आणि दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून घ्या. वंगण म्हणून फक्त साबणाचं पाणी. तेल-ग्रीसने रबर फुगतं. बाहेरून भावाने दोन्ही तळवे टेकवून काच दाबून धरायची, आतून तुम्ही दोरी काचेला समांतर, हळूहळू ओढायची. दोरी निघेल तशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावर उलटत येते. अडली तर तिथे साबणपाणी सोडा. स्क्रूड्रायव्हर लावू नका आणि ठोकू तर अजिबात नका.

ठोकण्याबद्दल इतकं बजावतो, त्याला कारण आहे. १९९१ साली मी एका जुन्या फियाटची टफन्ड (तापवून कडक केलेली, एकाच थराची) काच बसवत होतो. शेवटचा कोपरा बसेना, म्हणून तळहाताने एक थाप मारली. क्षणात सगळ्या काचेचे मक्याएवढे दाणे झाले. आत माझा मदतनीस मान वर करून दोरी ओढत होता. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यातून दोन कण काढले. डोळा वाचला, पण ती रात्र मी दवाखान्याच्या बाकावर काढली. तेव्हापासून माझ्याकडे चष्मा, चामडी हातमोजे आणि पूर्ण बाह्या असल्याशिवाय कुणी काचेला हात लावत नाही. तुमची लॅमिनेटेड काच तशी फुटून उडणार नाही, तरी भावाला आणि स्वतःला हे सगळं घालाच. डॅशबोर्डवर आणि हवेच्या जाळीवर जुनी चादर पसरा.

काच बसल्यावर रबराखाली काळं, न सुकणारं सीलंट भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्याने पत्रा पुन्हा गंजतो. मग पाइपाने मंद धारेचं पाणी खालून वर सोडत न्या आणि भावाला आत टॉर्च घेऊन बसवा. डावा खालचा कोपरा कोरडा राहिला का, ते मला जरूर कळवा.