अँटिबॉडीवर काम करायचंय. मग नीट, बीटेक की बीएस्सी?

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र वाचलं. तू बारावी सायन्सला आहेस आणि बायोलॉजीबरोबर गणितही घेतलं आहेस. आजोबांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हॉर्मोनची इंजेक्शनं चालू आहेत. रोगप्रतिकारक पेशींना कॅन्सरपर्यंत नेणाऱ्या झालुरिटामिग या अँटिबॉडीबद्दल वाचल्यापासून तुला हेच काम करायचंय. बाबा म्हणतात नीट दे, आणि तू विचारतेस, बीटेक बायोटेक घेऊ का?

आधी आजोबांबद्दल. ॲम्जेन या कंपनीचं हे औषध अजून चाचण्यांत आहे, तेही इतर उपचारांना दाद न देणाऱ्या, पसरलेल्या कॅन्सरसाठी. त्याची वाट बघत चालू उपचारात ढिलाई नको. इंजेक्शनाची एकही तारीख चुकू देऊ नका.

आता मूळ प्रश्न. ही अँटिबॉडी एकीकडे कॅन्सरच्या पेशीवरचं स्टीप-१ हे प्रथिन धरते आणि दुसरीकडे टी-पेशीवरचं, म्हणजे एका रोगप्रतिकारक पेशीवरचं, सीडी-३. दोघी इतक्या जवळ आल्या की टी-पेशी समोरच्या पेशीला मारते. रक्ताच्या कॅन्सरमध्ये याच कल्पनेवरच्या ब्लिनाटुमोमॅबला अमेरिकेत २०१४ साली मंजुरी मिळाली. प्रोस्टेटचं काम जास्त अवघड, कारण त्या गाठीत टी-पेशी मुळातच फार शिरत नाहीत.

आणि अशी अँटिबॉडी बनवणं हेच एक मोठं कोडं आहे. साध्या अँटिबॉडीत प्रथिनाच्या दोन जड साखळ्या सारख्या असतात, दोन हलक्याही सारख्या. दोन लक्ष्यं हवीत, तर चारही वेगळ्या लागू शकतात. त्या एकाच पेशीत बनू दिल्या की दहा तऱ्हेचे रेणू जुळतात आणि त्यातला हवा तो एकच! यावर १९९० च्या दशकात एक सुंदर तोडगा निघाला: एका जड साखळीवर मोठं अमिनो आम्ल बसवून उंचवटा करायचा, दुसरीवर लहान बसवून खोबण, म्हणजे योग्य त्याच दोघी एकमेकींत बसतात. तरीही चुकीच्या जोड्या थोड्याफार उरतातच. मग कोणीतरी कॉलमसमोर, म्हणजे रेणू वेगळे करणाऱ्या नळीसमोर, बसून त्या वेगळ्या काढतं, आलेख बघतं, त्यातून सोडायचं द्रावण (बफर) बदलून पुन्हा चालवतं. हा परिच्छेद वाचताना तुला पुढचं जाणून घ्यावंसं वाटलं असेल, तर तू प्रयोगशाळेतली आहेस.

याला दुसरी बाजूही आहे. झालुरिटामिगच्या पहिल्या चाचणीत जवळपास निम्म्या रुग्णांचं पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरचा अंदाज देणारं रक्तातलं प्रथिन) निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलं, पण बहुतेकांना सायटोकाइनचा, म्हणजे चेतलेल्या रोगप्रतिकारक पेशी सोडतात त्या रसायनांचा, त्रासही झाला: ताप, कधी बीपी उतरणं. म्हणून पहिला डोस अगदी थोडा देतात, रुग्णावर लक्ष ठेवतात आणि पायरीपायरीनं वाढवतात. तुला त्या खाटेपाशी उभं राहायचं असेल, तर बाबांचं बरोबर आहे. एमबीबीएस, एमडी, मग ऑन्कॉलॉजी. तोही याच कामाचा रस्ता आहे.

बीटेक बायोटेकबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नावावर भुलू नकोस. प्रवेशाआधी कॉलेजची लॅब बघ आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार, उपकरणं स्वतः हाताळायला मिळतात का. उत्तर गोलमोल आलं तर त्यापेक्षा केमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीतली चांगली बीएस्सी घे. नंतर जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी करता येते. बारावीनंतर थेट प्रवेश देणाऱ्या विज्ञान संस्थांपैकी आयसर पुणे आणि मुंबईत कालिन्याचं सीईबीएस या मला तुझ्यासाठी सगळ्यात योग्य वाटतात.

घरी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेव: नवी अँटिबॉडी घडवायची असेल तर बहुधा पीएचडी लागते आणि त्यात पाच-सहा वर्षं जातात. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये फेलोशिप मिळते. एमएस्सीनंतर थेट नोकरी हवी असेल, तर आपल्याकडे बरंचसं काम बायोसिमिलरच्या, म्हणजे आधीच्या जैविक औषधांसारख्याच औषधांच्या, उत्पादनात आणि तपासणीत आहे. तेही कौशल्याचं काम आहे, त्याला कमी लेखू नकोस. आणि नवं काही इथे होत नाही असंही नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कॅन्सरवर सोडतात) २०२३ मध्ये मंजुरी मिळाली.

तर नीटचा अर्ज भर, बाबांशी त्यावरून भांडू नकोस. त्याच फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीच्या अभ्यासावर आयसरची आयएटी आणि सीईबीएसची नेस्ट या प्रवेश परीक्षाही देता येतात. मात्र आयएटीत गणितही असतं, ते सोडू नकोस. दोन्हींचे अर्ज वेगळे भरावे लागतात. तारखा आजच बघून वहीत लिहून ठेव.