एन-९५ घालूनही थिनरचा वास येतो. मास्क नकली आहे का?

नकली असेलच असं नाही. अस्सल एन-९५ असला तरी थिनरचा वास येणारच.

तुम्ही लिहिलंय की सकाळी लाकूड घासता, दुपारी त्यावर लॅकर मारता, दोन्ही कामांना एकच मास्क वापरता आणि आता वास येतो म्हणून आणखी जाड मास्क घ्यायचा विचार आहे. घेऊ नका, जाडीशी याचा काही संबंध नाही. मी बारा वर्षं रंगकामाच्या शेडमध्ये काढली, आता कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो. ही गफलत मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

हवेतून नाकात जाणाऱ्या गोष्टी दोन जातींच्या: कण आणि वायू. लाकडाची भुकटी, वेल्डिंगचा धूर, गनमधून उडणारे रंगाचे बारीक थेंब हे सगळे कण. थिनरची वाफ म्हणजे वायू. एन-९५ फक्त कणांसाठी बनवलेला असतो. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण अडवायला सर्वांत अवघड, आणि त्यांतलेही किमान ९५ टक्के तो अडवतो. पण हे चाळणीसारखं काम नाही. त्याच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो, कण तिकडे ओढला जातो आणि एकदा चिकटला की सुटत नाही. (म्हणूनच हे मास्क साबणाने धुवायचे नसतात, त्यांवर अल्कोहोल मारायचं नसतं. कापड दिसायला तसंच राहतं, भार गेलेला असतो.) थिनरमधल्या टोल्युइनचा रेणू मात्र धाग्यावर आपटतो आणि पुन्हा उडून पुढे जातो. त्याला धरून ठेवायला सक्रिय कोळसा लागतो. एकावर एक पाच एन-९५ चढवलेत तरी वास येईल, फक्त श्वास घेताना दम लागेल.

तेव्हा सकाळचा मास्क वेगळा, दुपारचा वेगळा.

घासकामाला एन-९५ किंवा युरोपीय पद्धतीचा एफएफपी२ चालतो. भुकटी खूप उडत असेल तर एफएफपी३ घ्या. लाकडाच्या भुकटीला हलकं समजू नका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे, आणि नाकाच्या पोकळीतल्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झालेला आहे. खरं तर सँडरला भुकटी ओढून घेणारा पाइप जोडलात तर मास्कवरचा निम्मा भार तिथेच उतरतो. आमच्या धंद्यात सगळे आधी मास्क विकत घेतात आणि पाइपचं नंतर बघतात, व्हायला हवं उलटं.

लॅकरसाठी रबर किंवा सिलिकॉनचा, नाक-तोंड झाकणारा अर्ध्या चेहऱ्याचा मास्क घ्या, दोन्ही बाजूंना कार्ट्रिज, म्हणजे सक्रिय कोळसा भरलेली डबी, लावता येणारा. कार्ट्रिज सेंद्रिय वाफांचं (थिनरसारख्या द्रवांच्या वाफांचं) हवं आणि त्याच्यापुढे कणांचा फिल्टर हवा, कारण गनमधून वाफ आणि थेंब दोन्ही येतात. नुसता कोळसा थेंब अडवत नाही. हा कणांचा फिल्टर अमेरिकी मालातला असेल तर त्यावरचं अक्षरही बघा. एन म्हणजे तेलकट तुषारांत न चालणारा, पी म्हणजे चालणारा. फवारणीला पी घ्या.

आता कार्ट्रिजच्या रंगांबद्दल, कारण इथे भलेभले फसतात. युरोपीय पद्धतीत सेंद्रिय वाफांना तपकिरी पट्टा आणि ए हे अक्षर, अमेरिकी पद्धतीत काळा. युरोपात पांढरा पट्टा म्हणजे कणांचा फिल्टर, अमेरिकेत पांढरा म्हणजे आम्लवायूंचा. पिवळा युरोपात सल्फर डायऑक्साइडसारख्या वायूंसाठी, अमेरिकेत सेंद्रिय वाफा आणि आम्लवायू दोन्हींसाठी. हिरवा तेवढा दोन्हीकडे अमोनियाचा. बाजारात दोन्ही माल शेजारी शेजारी टांगलेले असतात, म्हणून रंग पाहून उचलू नका, अक्षरं वाचा. आणखी एक बारकावा. युरोपातलं ए हे ६५ अंश सेल्सिअसच्या वर उकळणाऱ्या द्रवांच्या वाफांसाठी आहे. टोल्युइन ११० ला उकळतं, ते यात बसतं. ॲसिटोन ५६ ला उकळतं, त्याला एएक्स लागतं. थिनरमध्ये ॲसिटोन असणं अगदी नेहमीचं आहे, त्यामुळे डबा वाचल्याशिवाय कार्ट्रिज ठरवू नका.

तुमचा दुसरा प्रश्न होता कार्ट्रिज किती दिवस चालतं. कणांचा फिल्टर भरत आला की श्वास जड होतो, म्हणजे तो स्वतःच सांगतो. कोळसा काहीच सांगत नाही. श्वास शेवटपर्यंत तितकाच हलका, आणि एक दिवस वाफ सरळ आरपार. वास आला की बदलू, हा हिशेब धोक्याचा आहे, कारण काही वाफांना वासच नसतो आणि काहींच्या वासाला नाक सरावतं. म्हणून कंपनीच्या तक्त्यावरून, हवेतलं प्रमाण आणि कामाचे तास धरून मुदत ठरवायची आणि बसवलेली तारीख कार्ट्रिजवरच लिहायची. हवा दमट असेल तर मुदत कमी धरा, ओलावा कोळशातली जागा खातो.

माझी गफलत इथलीच. दिवसातून तासभरच वापरतो म्हणून मी कार्ट्रिज महिनोन् महिने चालवायचो. आणि काम संपलं की मास्क कुठे टांगायचो? थिनरच्या पिंपावरच्या खिळ्याला. मी घरी झोपलेलो असताना कोळसा रात्रभर ड्युटीवर! शिवाय आत धरलेली वाफ पडून राहिली की हळूहळू पलीकडच्या बाजूला सरकते आणि सकाळी पहिल्या श्वासाबरोबर नाकात येते. तेव्हापासून काम झालं की मास्क पुसून झिपच्या पिशवीत, आणि पिशवी शेडच्या बाहेर.

दाढीबद्दल तुम्ही ‘बारीक आहे, चालेल ना’ असं विचारलंय. नाही चालणार. दोन दिवसांचे खुंटही रबर आणि कातडी यांच्यात फट ठेवतात, आणि हवा नेहमी सोप्या वाटेने येते. कोळशातून खेचून येण्यापेक्षा तिला ती फट बरी. मिशी चालेल, पण रबराच्या कडेखाली येणारी नको. दाढी ठेवायचीच असेल तर बॅटरीच्या पंख्याने गाळलेली हवा सोडणारा, डोक्यावरून घ्यायचा सैल हूडवाला प्रकार घ्या.

दाढी काढल्यावरही रोज मास्क चढवला की तपासायचा. तळहातांनी दोन्ही कार्ट्रिज झाका, हळू श्वास आत ओढा आणि थांबा. मास्क आत ओढला जाऊन तसाच राहिला तर ठीक, फुस्स झाला तर पट्टे नीट करा. खालचा पट्टा मानेवर कानांखालून, वरचा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर. नीट बसलेल्या अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कला अमेरिकी नियम १० चा आकडा देतात, म्हणजे आतल्या हवेत घातक पदार्थ बाहेरच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावा. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला तोच आकडा ५०. फट असेल तर हे दोन्ही आकडे विसरा. आणि टाकीत किंवा बंद खोलीत, जिथे ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असू शकतो, तिथे यातलं काहीही घालून उतरू नका. फिल्टर हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही.

एक गोष्ट तुम्ही सांगितलीच नाहीत: लॅकरमध्ये हार्डनर (थर कडक करणारं दुसऱ्या डब्यातलं द्रव) मिसळता का? दोन डब्यांचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, असेल तर हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचा वास जाणवेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते, आणि एकदा का शरीराने त्याचा धसका घेतला की नंतर अगदी थोड्या वाफेनेही दमा उठतो. तिथे मी कार्ट्रिजपेक्षा बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा मास्क सुचवेन. दोन्ही डब्यांवरची नावं इथे टाका किंवा दुकानदाराकडून त्यांचं सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या. तोवर पीयू मारायचं काम थांबवता आलं तर थांबवा.