ओईटी देणाऱ्या सिस्टरला

प्रिय सिस्टर,

अनेक आशीर्वाद.

युकेला जायचं नक्की केलंस, आता इंग्रजीसाठी आयईएल्टीएस द्यावी की ओईटी (आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा), हा प्रश्न. तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, दोन्ही चालतात. (इथल्या डॉक्टरांची एनएमसी वेगळी.) आयईएल्टीएस दिलीस तर ॲकॅडमिकच दे. लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. ओईटीत पहिल्या तिन्हींना बी ग्रेड, म्हणजे ५०० पैकी किमान ३५०, आणि रायटिंगला सी प्लस, म्हणजे किमान ३००. ओईटीची फी जवळपास दुप्पट आहे. तरी वॉर्डात रोज काम करणारीला मी तीच सांगेन. आयईएल्टीएसमध्ये ४० मिनिटांत २५० शब्दांचा निबंध लिहावा लागतो, कधी शहरीकरणावर तर कधी जाहिरातींवर. ओईटीत पेशंटबद्दल पत्र लिहायचं असतं. ते तू रोज तोंडी करतेसच, फक्त त्याला हँडओव्हर म्हणतेस.

फॉर्म भरण्याआधी पासपोर्ट समोर ठेव. आपल्याकडे नावाचे घोळ फार. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं सर्टिफिकेट माहेरच्या आडनावाचं, आधारवर सासरचं. परीक्षेचा फॉर्म पासपोर्टप्रमाणे अक्षरन्‌अक्षर भरायचा, आणि नाव बदललेलं असेल तर लग्नाच्या दाखल्याची तयारी आताच करून ठेवायची. 'परीक्षा न देता सर्टिफिकेट' विकणारे भेटतील. त्यांना फोनही करू नकोस, निकाल परीक्षासंस्थेकडे पडताळला जातो.

आता ओईटीचं रायटिंग. सगळ्यात जास्त मुली इथेच अडकतात, आणि त्याचं खापर व्याकरणावर फोडतात. ४५ मिनिटं असतात. पहिली ५ फक्त वाचायची, तेव्हा लिहायचं नाही. केस नोट्स, म्हणजे पेपरात दिलेल्या पेशंटच्या नोंदी, वरून खाली वाचत सुटू नकोस. आधी शेवटची सूचना बघ: पत्र कुणाला जायचंय आणि कशासाठी? ते कळल्याशिवाय नोट्समधलं काय कामाचं, हे ठरवता येत नाही.

समज, ७८ वर्षांच्या बाईंचं खुब्याच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन झालंय, आज डिस्चार्ज आहे, पत्र कम्युनिटी नर्सला, म्हणजे घरी जाऊन पेशंट बघणाऱ्या नर्सला. तिला हवं ते असं: टाके कोणत्या तारखेला काढायचे, ड्रेसिंग कधी बदलायचं, रक्त गोठू नये म्हणून चाललेलं इंजेक्शन अजून किती दिवस, बाई घरी एकट्या राहतात, आणि पडल्या त्या रात्री बाथरूमला जाताना. चाळीस वर्षांपूर्वीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन, ॲडमिशनच्या वेळचे नॉर्मल रिपोर्ट, बागकामाची आवड, हे सगळं गाळायचं. हेच पत्र फिजिओला असतं तर वॉकरचा तपशील वाढला असता आणि टाके एका ओळीत आटोपले असते. नोट्समध्ये आहे म्हणून लिहिलं, की मार्क गेले. पत्राचा मजकूर साधारण १८० ते २०० शब्दांचा हवा. २६० झाले तर समज की गाळायचं राहून गेलंय.

गुण सहा निकषांवर असतात. त्यातला पहिला पर्पज, म्हणजे पत्राचा हेतू, ३ पैकी, बाकीचे पाच प्रत्येकी ७ पैकी. पर्पज पहिल्याच परिच्छेदात दिसला पाहिजे: बाई कोण, काय झालं, पत्र वाचणाऱ्याकडून काय हवंय. आपल्याकडे मुद्दा शेवटी सांगायची सवय आहे, आधी सगळा इतिहास. ती इथे महागात पडते. दुसरी खोड म्हणजे नोट्समधले तुटक शब्द तसेच उतरवणं. नोट्समध्ये 'वुंड ड्राय' असतं, पत्रात 'द वुंड इज ड्राय' हवं. मराठीत 'ए', 'ॲन', 'द' नाहीत, त्यामुळे ते गळतात हे आपल्या लक्षातही येत नाही. लिहून झाल्यावर शेवटची ३ मिनिटं फक्त त्यासाठी ठेव. आणि 'शी इज हॅविंग पेन सिन्स थ्री डेज' हे अख्ख्या हॉस्पिटलमध्ये चालतं, तिथे चालत नाही. 'शी हॅज हॅड पेन फॉर थ्री डेज' असं लिही.

स्पीकिंगमध्ये दोन रोल प्ले. प्रत्येकाला ३ मिनिटं तयारी, ५ मिनिटं बोलणं. समोर पेशंट बनून बसलेली व्यक्ती मार्क देत नाही, रेकॉर्डिंग दुसरीकडे तपासलं जातं. त्यामुळे तिचा चेहरा वाचत बसू नकोस. ॲक्सेंट मराठी असला तरी हरकत नाही, शब्द कळले पाहिजेत. आपला 'व' मात्र सांभाळ: शीर आणि 'केव्हा' या दोन्ही अर्थांचे इंग्रजी शब्द आपल्या तोंडून सारखेच येतात. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात.

खरी अडचण सौजन्याची आहे. मराठीत 'बसा', 'गोळी घ्या' यात आदर क्रियापदातच असतो. तेच इंग्रजीत 'सिट', 'टेक धिस टॅब्लेट' झालं की हुकूम वाटतो. 'वुड यू लाइक टू', 'कुड यू' हे तोंडात बसव. तसंच 'डोन्ट वरी'. आपलं 'काळजी करू नका' मायेचं असतं, पण तिथल्या कानांना ते विषय मिटवल्यासारखं लागतं. त्याऐवजी कशाची भीती वाटतेय ते विचार, आणि उत्तर पूर्ण ऐकून घे. पेशंटच्या बाजूने विचार करण्याला वेगळे गुण आहेत. रोल प्लेच्या कार्डावर दिलेली कामं एका दमात उरकणाऱ्या मुली ते गमावतात.

रीडिंगचा पार्ट ए म्हणजे १५ मिनिटांत २० प्रश्न. चार मजकूर वाचून काढायचे नाहीत, प्रश्न वाचून शोधायचं. शब्द मजकुरातला जसाच्या तसा उतरव, स्पेलिंग चुकलं तर गुण नाही. लिसनिंग एकदाच ऐकवतात. एक जागा चुकली तर सोड आणि पुढच्या शब्दावर कान ठेव.

चारही भाग एकदम निघाले नाहीत तर एनएमसी १२ महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे निकाल एकत्र धरते. पण दोन्ही वेळी चारही भाग द्यावे लागतात, आणि रायटिंगला सी, बाकी तिन्हींना सी प्लस, याखाली कुठेच जायचं नाही. डॉक्टर मैत्रिणीचं ऐकून गोंधळू नकोस, तिथल्या डॉक्टरांच्या जनरल मेडिकल कौन्सिलला चारही बी एकाच बैठकीत लागतात.

रविवारी घड्याळ लावून एक पत्र लिही आणि केस नोट्ससकट मला पाठव. नोट्समधलं जे गाळलंस त्यावर पेन्सिलने रेघ मार. मला आधी त्या रेघा बघायच्या आहेत.